काचा पुसून मिळतील

सत्यनारायणाच्या तीर्थाचा टीडीएस किती असावा, हे स्कंदपुराणात दिलेलं नाही. ते आमच्या साडूभाऊंकडे मिळतं. गेल्या श्रावणात आमच्याकडे पूजा होती. गुरुजी पळीने तीर्थ द्यायला लागले, तर साडूभाऊ म्हणाले, "हातावर नको, वाटीत द्या." मग खिशातून पेनाएवढा मीटर काढला, टोपण उघडून वाटीत बुडवला आणि आकडा बघून मान हलवली.

"गुरुजी, या पाण्याने काच पुसली तर डाग पडतील."

"अहो, हे प्यायचंय."

"प्या की! मी काचेबद्दल बोलतोय."

असा एक माणूस तुमच्याही नात्यात आहे, नाही म्हणू नका. पुण्यात पन्नाशी ओलांडलेला पुरुष नोकरीतून सुटला की सिंहगडावर जातो, अध्यात्मात जातो नाहीतर धंद्यात जातो. पहिल्या दोघांचा उपद्रव पहाटेपुरता असतो. तिसरा दिवसभर भेटतो. तो लाकडी घाण्याचं तेल विकतो, हापूसच्या पेट्या उतरवतो, गच्चीत अळिंबी लावतो. नातेवाईक हे त्याचं पहिलं गिऱ्हाईक असतं आणि बहुधा शेवटचंही. साडूभाऊ या तिसऱ्यांतले. पण त्यांनी तेल, तूप, आंबे यांतलं काही विकलं नाही. त्यांनी खिडक्यांच्या काचा पुसायचा धंदा काढला, आणि तोही जोडधंदा म्हणून नव्हे, पूर्णवेळ.

मूळचे ते टेलिफोनवाले. सरकारी खातं होतं तेव्हा लाइनमन म्हणून चिकटले, ऑक्टोबर २००० मध्ये खात्याचं बीएसएनएल झालं तेव्हा आपोआप बीएसएनएलचे झाले, आणि २०१९ च्या अखेरीस पन्नाशीपुढच्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा अर्ज भरून मोकळे झाले. ३१ जानेवारी २०२० या एका दिवसात देशभरातले ७८ हजारांहून जास्त कर्मचारी घरी बसले, त्यांत हे एक. "जरा आराम करतो, मग बघू," असं म्हणाले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. सगळा देश खिडकीतून बाहेर बघत होता. साडूभाऊ खिडकीकडे बघत होते.

तिथेच बिघडलं. मोबाइलवर परदेशी काच पुसणाऱ्यांचे व्हिडिओ सुरू झाले. एत्तोरे स्तेक्कोने नावाच्या इटालियन माणसाने कॅलिफोर्नियात जाऊन १९३६ साली एका रबरी पट्टीची हलकी पितळी स्क्वीजी काढली, हे आमच्या सबंध खानदानात आता पोरासोरांना पाठ आहे. गवई उस्तादाचं नाव घेताना धरतात तशी साडूभाऊ त्याचं नाव घेताना कानाची पाळी धरतात. त्यांची बायको, म्हणजे आमच्या हिची ताई, त्या हत्याराला 'वायपर' म्हणते. ज्या दिवशी म्हणते त्या दिवशी घरात जेवणं मुकाट्याने होतात.

पण स्क्वीजी हे नुसतं हत्यार. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, हा धर्म. त्यातलं तत्त्व असं, की काचेवरचे डाग पाण्याचे नसतात, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे असतात. पाणी उडून जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियम मागे राहतं आणि पांढरे ठिपके उमटतात. साबणाने पुसा, पेपराच्या बोळ्याने पुसा, शेवटचं पाणी जड असलं की केलेली मेहनत गेली. म्हणून पाणी आधी आरओतून काढायचं, मग रेझिनच्या नळकांड्यातून. मीटर दहाच्या खाली उतरला पाहिजे. शून्य दाखवला तर साडूभाऊ त्या दिवशी कोणाशी भांडत नाहीत. प्यायच्या पाण्याला भारतीय मानक ५०० पर्यंत बरं म्हणतं, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंतही चालवून घेतं. "माणसाला चालतं हो," साडूभाऊ म्हणतात, "काचेला चालत नाही."

तेव्हापासून तो मीटर सुटलाय. लग्नाच्या पंगतीत त्यांनी तो मठ्ठ्यात बुडवला, आकडा मावेना. मुलीच्या साखरपुड्याला होणाऱ्या व्याह्यांच्या घरी पाण्याचा पेला हातात आला, तर पिण्याआधी मीटर घातला आणि भर दिवाणखान्यात जाहीर केलं, "बोअर मिसळताय तुम्ही." व्याह्यांनी सोसायटीत चौकशी केली, तर खरंच मिसळत होते. खोटं निघालं असतं तर ते विसरले असते. इस्पितळात आजारी मामांना भेटायला गेले तेव्हा मीटर काढायचीही गरज पडली नाही. लटकणाऱ्या सलाइनकडे बघून म्हणाले, "पॉइंट नऊ टक्के मीठ, म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम, म्हणजे नऊ हजार. मामा, नऊ हजारांचं पाणी चढवतायत तुम्हाला!" मामांचं ब्लडप्रेशर त्यानंतर तपासावं लागलं. पहिल्या पावसात बाकीचे लोक भजी तळतात. हे गच्चीत पातेलं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी फोन करून पाऊस कसा काय होता ते सांगतात. आकड्यात.

धंद्याचं नाव काय ठेवायचं यावर घरात बैठक झाली. ताईला 'फॅसिलिटी मॅनेजमेंट' हवं होतं, मुलीला शेवटी 'सोल्यूशन्स' हवं होतं. साडूभाऊंनी उद्यम नोंदणी केली, आधार क्रमांकावर, एक पैसा न देता, आणि कार्डावर छापून आणलं: 'काचा पुसून मिळतील.' ताई आठवडाभर भिशीला गेली नाही. सरकारी सवय मात्र सुटेना. घरात हजेरीपट आहे. सकाळी साडेनऊला सही करतात आणि सुट्टी हवी असली की स्वतःकडेच अर्ज करतात. एकदा स्वतःची किरकोळ रजा त्यांनी स्वतःच नामंजूर केली, कारण दिवाळी तोंडावर होती.

दिवाळी हाच या धंद्याचा सगळा हंगाम. मराठी घराला काच वसुबारसेच्या आधी आठ दिवस आठवते. एरवी पडदा आहे. त्या आठ दिवसांत सगळ्यांना साडूभाऊ एकाच सकाळी हवे असतात. आणि आपली खिडकी म्हणजे काही नुसती खिडकी नव्हे. बाहेर पेटीसारखं ग्रिल, ग्रिलमध्ये कुंड्या, सुकणारी फडकी, तुटकी तीनचाकी आणि कबुतरांची बाळंतपणं. बाहेरून हात पोचत नाही. मग सरकता पल्ला वर उचलून ट्रॅकमधून अलगद काढायचा, घरात आणून पुसायचा, जाळी धुवायची, ट्रॅकमधली वर्षाची माती उकरायची, आणि हे सगळं काचेवर ऊन यायच्या आत, नाहीतर साबण जागेवरच वाळतो. ऊन आलं की साडूभाऊ काम थांबवतात. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, आता तर नीट दिसायला लागलंय!" साडूभाऊ म्हणतात, "दिसतंय ते पुरे. चारनंतर येतो."

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला. अंदाज द्यायला इस्त्रीच्या शर्टात गेलेल्या, चष्मा लावलेल्या, शुद्ध बोलणाऱ्या गृहस्थांना ते विचारतं, "मग तुमची माणसं कधी येतील?"

"मीच माणूस," साडूभाऊ म्हणतात.

यानंतर जी शांतता पडते तिचा टीडीएस काढायची सोय अजून झालेली नाही.

नाइलाजाने सांगतो, त्यांना काम करताना बघण्यासारखं आहे. शिडीवर हा माणूस जमिनीवरच्यापेक्षा बरा दिसतो. ओल्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात पट्टी टेकली की मनगट एकदा वळतं, पट्टी न उचलता डावी-उजवी खाली येते आणि कडेला एक थेंब राहत नाही. सगळं आयुष्य खांबावर गेलेलं. तांब्याच्या तारेला माणसं वर्षानुवर्षं रांगेत होती, त्या काळात हे लाइनमन होते. टेलिफोन लागणं म्हणजे घरात कार्य असायचं. लाइनमन दारात आला की शोकेसमधले कप उतरायचे, सोबत चिवडा यायचा, आणि डायलटोन आल्यावर घरातलं सर्वांत म्हातारं माणूस रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटायचं. मग मोबाइल आले. तार तुटली तरी तक्रार येईना. शेवटची काही वर्षं साडूभाऊ दुरुस्तीचं सामान घेऊन बसून होते आणि बिघाड असूनही त्यांना कोणी बोलावत नव्हतं. हे त्यांनी मला कधी सांगितलेलं नाही, ताईने सांगितलं. मला उगाच वाटत होतं, की पैशासाठी चाललंय. पैसे पेन्शनचे येतात. त्यांना दारावरची बेल वाजवायची होती आणि आतून कोणीतरी "आले, आले!" म्हणायला हवं होतं.

"आले, आले!" आता होतं. चहाचं मात्र बदललं. बाणेरच्या एका बंगल्यात ते अंदाज द्यायला गेले तेव्हा सोफा, बोन चायनाचा कप, बशीत बाकरवडी. दोन दिवसांनी बादली घेऊन गेले. अकरा वाजता चहा आला तो कागदी कपात, जिन्याच्या पायरीवर ठेवलेला. साडूभाऊंनी हात पुसले, मीटर काढला आणि चहात बुडवला. बाईंनी दारातून विचारलं, "हे काय करताय?"

"मीटर बिघडलाय का बघतोय," ते म्हणाले. "परवाच्या नि आजच्या चहात फरकच दाखवत नाही."

मला वाटलं होतं, त्यांना अपमान लागला असेल. तर म्हणाले, "छे हो! खांबावर चढायचो तेव्हा तरी मला कुठे देत होते? कप डायलटोनला होता." आणि पुढच्या खिडकीचा पल्ला उचलायला गेले.

पण नोंद ठेवतात. सरकारी माणूस. आडव्या-उभ्या रेघांची वही आहे: नाव, खिडक्या, पाण्याचा टीडीएस आणि शेवटचा रकाना 'कप'. त्यात तीनच शेरे: रोजचा, कागदी, शोकेस. कागदीला दहा टक्के जास्त दर. हे मला पटलं. शोकेसलाही दहा टक्के जास्त का, ते कळेना.

"घरात कामाला आलेल्याला जो रोजच्या कपात चहा देतो, त्याच्या मनात काही नसतं," साडूभाऊ म्हणाले. "शोकेसवाल्याच्या मनात असतं. म्हणून तो शोकेस उघडतो."

यंदा ते आमच्याकडे आले, तेव्हा हिने आमच्या लग्नात आलेला कपांचा सेट माळ्यावरून उतरवला, दोनदा धुतला आणि ट्रेवर क्रोशाचा रुमाल घातला. साडूभाऊंनी चहा घेतला, कपाचं कौतुक केलं. संध्याकाळी बिल दिलं. दहा टक्के जास्त.

"भाऊजी, नात्यात सुद्धा?" ही चिडली. "अहो, रोजच्या कपांचे कान तुटलेत सगळे! तसले कसे देणार तुम्हाला?"

साडूभाऊंनी वही उघडली, पेन्सिल काढली. "आधी सांगायचं ना," ते म्हणाले. "तुटक्या कानाला पाच टक्के सूट आहे."