तोंड धुवायला सवड नाही

कामाच्या माणसाचा वेळ वाचवायला हल्ली जेवढे लोक झटतात, तेवढ्यांनी त्याला नुसतं त्याच्या वाटेने जाऊ दिलं असतं तर त्याचा अर्धा दिवस मोकळा झाला असता. 'बिझी लोकांसाठी पाच मिनिटांचं स्किनकेअर रुटीन' असला कुठलाही व्हिडिओ उघडा. तो वीस मिनिटांच्या आत संपत नाही. सुरुवातीला त्यातल्या बाई आपण स्वतः किती बिझी आहोत ते सावकाश सांगतात, मग कूपन कोड सांगतात, आणि मग एका पांढऱ्याशुभ्र बाथरूममध्ये रुटीन सुरू होतं. त्या बाथरूममध्ये बादली नसते. बादली नसलेल्या बाथरूममधून दिलेला सल्ला डोंबिवलीत चालत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

त्या पाच मिनिटांचा हिशेबही बघण्यासारखा असतो. फेसवॉशला एक मिनिट, ठीक आहे. मग टोनर, 'तो सुकू द्या'. मग सीरम, 'ते मुरू द्या'. मॉइश्चरायझर, 'ते बसू द्या'. शेवटी सनस्क्रीन, आणि तेही घराबाहेर पडायच्या पंधरा मिनिटं आधी. लावायला पाच मिनिटं लागतात हे खरंच. मुरायचा वेळ कोणी धरतच नाही. कैरीच्या लोणच्याचंही असंच असतं, पण बरणीला सव्वाआठची फास्ट गाठायची नसते.

ही झाली सोपी आवृत्ती. मूळ कोरियन पद्धत दहा पायऱ्यांची. आधी चेहरा तेलाने धुवायचा, मग ते तेल दुसऱ्या क्लिन्झरने धुवायचं, मग मेलेली त्वचा खरवडायची, मग टोनर, इसेन्स, सीरम, चेहऱ्यावर ओला कागदी मुखवटा, डोळ्यांखालचं वेगळं क्रीम, मॉइश्चरायझर आणि सकाळ असेल तर सनस्क्रीन. पलीकडे अमेरिकेत डॉ. व्हिटनी बो या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी 'स्किन सायकलिंग' रूढ केलं. त्यात एका रात्री त्वचा खरवडायची, दुसऱ्या रात्री रेटिनॉइड लावायचं आणि पुढच्या दोन रात्री त्वचेला विश्रांती द्यायची. दर चार रात्रींमागे दोन रात्री भरपगारी रजा! आमच्या ओळखीत ज्यांच्या ज्यांच्या अंगावर त्वचा आहे, त्यातल्या कोणालाही इतकी रजा मिळत नाही.

आता एक घर घेऊ. डोंबिवली पूर्व, वन बीएचके, बेसिन एक, आरसा एक, माणसं पाच. सकाळी सहा ते सात त्या बेसिनवर आजोबांची मालकी असते. त्यांचंही रुटीन आहे आणि त्याला दहाहून जास्त पायऱ्या आहेत. घसा खाकरण्याच्याच चार. मग दाढी, मग गालावरून तुरटीचा खडा, मग खोबरेल तेलाचं बोट. आजोबांच्या चेहऱ्याला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही, कारण तो चेहरा कोणाला दाखवायचाच नव्हता. आजी कैलास जीवन लावतात. भाजलं, कापलं, टाचा फुटल्या, ओठ उलले, सगळ्याला तेच. सात मुलाखतींतून निवडलेल्या उमेदवाराला जेवढी कामं जमत नाहीत तेवढी ती एक डबी बिनबोभाट करते. मुलगी कॉलेजात आहे. तिच्या सीरमच्या बाटल्या फ्रिजच्या दारात, चटणीच्या शेजारी. त्यातली व्हिटॅमिन सीची बाटली हवेने नि उजेडाने हळूहळू तपकिरी होत चालली आहे आणि घरातल्या सगळ्यांना तो व्हॅनिला इसेन्स वाटतो.

राहिली घरातली नोकरदार बाई, म्हणजे व्हिडिओवाल्यांचं मुख्य गिऱ्हाईक. तिच्या वाट्याला सकाळी स्वतःची म्हणावी अशी दोन मिनिटं येतात: चहा उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभं राहावं लागतं ती. त्यात बोटभर साय चेहऱ्यावर फिरते. तोंडावर पाण्याचा हबका मारणं, डबे भरणं आणि रिक्षाच्या रांगेकडे धावणं यांच्यामध्ये इसेन्सची पायरी कुठे बसवायची, हे कोरियाने कळवलेलं नाही.

चेहरा 'होतो' तो गाडीत. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल सोडली. बायकांचा प्रवास सुखाचा व्हावा एवढाच त्यात हेतू असणार. बायकांच्या डब्यात भाजी निवडणं, हळदीकुंकू, डोहाळजेवण नि ब्यूटी पार्लर हे सगळं एकत्र चालेल हे रेल्वे बोर्डाच्या स्वप्नातही आलं नसेल. मध्य रेल्वेच्या बायकांना स्पेशल असो-नसो, कला तीच. काजळ गाडी थांबल्यावर, लिपस्टिक गाडी धावताना, टिकली कधीही. सिग्नलला अचानक ब्रेक लागतो त्या वळणावर आयलायनर हातात धरायचं नाही. हे ज्ञान एकीकडून दुसरीकडे तोंडी जातं आणि त्याला कूपन कोड लागत नाही.

अडतं ते सनस्क्रीनपाशी. बाकी सगळ्या गोष्टींवर डॉक्टरांचे मतभेद असतील, पण सनस्क्रीनवर सगळे त्वचारोगतज्ज्ञ एका सुरात बोलतात, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ चेहऱ्यांवर वांग लवकर येतो, उन्हाने तो गडद होतो आणि एकदा आला की पाहुण्यासारखा ठाण मांडतो. यूव्हीए किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात, म्हणजे ऑफिसात खिडकीपाशी जागा मिळाली हा सुद्धा आनंद राहिला नाही. हे सगळं मान्य. पण माप? पहिलं आणि मधलं बोट उभं धरायचं, दोन्हीवर बुडापासून टोकापर्यंत सनस्क्रीनची रेघ ओढायची. तेवढं चेहऱ्याला नि मानेला मिळून. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. गाडीत उभं राहून हे करायला एक हात ट्यूब दाबायला लागतो, एक हात बोटं पुढे करायला आणि एक हात कडीला धरायला. देवीच्या मूर्तीला जमेल. कळव्याला चढलेल्या बाईला जमत नाही.

मग बाई वाटाण्याएवढं लावते. ट्यूबवर छापलेला एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या मापाने लावून काढलेला असतो. वाटाण्यावर तो लागू नाही. एसपीएफ ३० चं सनस्क्रीन यूव्हीबी किरण सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० चं सुमारे ९८ टक्के. त्या एका टक्क्यासाठी दुकानात अर्धा तास वाद घालून, महागातलं घेऊन, घरी येऊन वाटाणाच लावायचा, ही आमची रीत. डॉक्टरांच्या मापाने ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तर महिना-सव्वा महिना पुरते. दिवसातून तीनदा लावली तर पंधरवडाही काढणार नाही. एवढा खर्च मराठी घरात फक्त साखरेवर करायची प्रथा आहे.

तोंडाला काय फासावं यावर या देशाने वेळ घालवला नाही असं मात्र कोणी म्हणू नये. १९७५ साली गोरेपणाचं क्रीम आलं, २००५ साली पुरुषांसाठी वेगळं आलं, म्हणजे समता आली. २०२० साली त्या पहिल्या क्रीमच्या नावातून 'फेअर' गेलं आणि 'ग्लो' आलं. आता मुलगी गोरी असावी असं कोणी म्हणत नाही. तिच्या चेहऱ्यावर तेज असावं, आणि ते तेज निमगोऱ्याहून खालच्या छटेत नसावं. विको टर्मरिक हे सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर अबकारी खातं आणि कंपनी वर्षानुवर्षं भांडले. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि हळदीचं क्रीम औषध ठरलं. त्याच हळदीवर १९९५ साली अमेरिकेत, जखमा भरून काढते म्हणून, पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरने जुने दाखले काढून १९९७ साली ते रद्द करायला लावलं. देशाने हळद अशी लढून वाचवली. आता नवी पिढी ती ड्रॉपर लावलेल्या बाटलीत, परदेशी नावाने, घरपोच मागवते.

तरी कामाच्या माणसासाठी सगळ्यात झटपट रुटीन आपल्याकडे आधीपासून आहे. ते नाक्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं. 'दादा, चेहऱ्याला काहीतरी द्या ना, रविवारी लग्न आहे.' दादा हातातला मोबाइल न सोडता मागच्या खणातून एक ट्यूब काढतो. तपासणी, निदान, उपचार आणि सुटे पैसे, सगळं एका मिनिटात. कोरियाने हात टेकावेत.

ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. कधी बीटामेथासोन, कधी क्लोबेटासोल, कधी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन असं त्रिकूट. औषधं म्हणून यात काही खोट नाही. इसब, सोरायसिस किंवा हट्टी वांग यांसाठी, डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस लावायची ती आहेत. पण लग्नापर्यंत चेहरा उजळतो. पुरळ बसतं. लग्नात तीन बायका कोपऱ्यात घेऊन नाव विचारतात. मग रिकामी ट्यूब पुरावा म्हणून हातोहात फिरते, तिचा फोटो नणंदेला नाशिकला जातो, नणंदेचा जाऊबाईंना, आणि सगळीकडचे दादा मागच्या खणात हात घालतात. तीन-चार महिन्यांनी त्वचा पातळ होते, गालावरच्या बारीक शिरा दिसायला लागतात, लव वाढते, फोड येतात, उन्हात गेलं की आग होते. ट्यूब बंद केली की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा लावायची, आणि लावली की बरं वाटतं. आपण आजारी आहोत आणि ही ट्यूबच आजार आहे, हे लक्षात येईपर्यंत वर्ष जातं. त्वचारोगतज्ज्ञांनी अशा चेहऱ्यांसाठी निदानाचं वेगळं नावच ठेवलं आहे, इतके ते येतात.

२०१८ साली सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. नियम चोख आहे. ट्यूबवर इशाराही छापलेला असतो, मुंगीला वाचता येईल अशा टाइपात. आणि चिठ्ठी मागितलीच, तर नणंदेने पाठवलेला फोटो आहेच.

पुरुषांचं काय, असं विचाराल, तर पुरुष बिझी असल्यामुळे त्याला चेहराच नसतो. डोक्यापासून तळव्यापर्यंत एकच साबण. त्वचेचा पीएच साधारण पाच, साबणाचा नऊ-दहा. अंग धुतल्यावर जी ताणलेली त्वचा होते तिला तो 'स्वच्छ वाटणं' म्हणतो. एकदा एका घरात नवऱ्याने लिंबू नि खायचा सोडा एकत्र करून नाकावर चोळला, कारण त्याला ते ग्रुपवर आलं होतं. दुसऱ्या दिवशी नाक लाल. ऑफिसात सगळ्यांनी सर्दी का म्हणून विचारलं. त्याने हो म्हटलं.

शेवटी बाई खऱ्या डॉक्टरकडे जातात. दीड तास थांबून नंबर लागतो. डॉक्टर चेहरा बघतात, तो दिव्याखाली वळवून बघतात, कुठली ट्यूब लावत होतात ते विचारतात, आणि कागदावर तीन ओळी लिहितात. सौम्य फेसवॉश दोन वेळा. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन, भरपूर. वर म्हणतात, बाकीचं सगळं बंद. एकूण तीन मिनिटं लागतात, आणि सायीलासुद्धा वेगळं सांगावं लागत नाही, तीही बंद.

बाईंचा चेहरा पडतो. एवढंच? एवढ्यासाठी हाफ डे टाकला? सीरम नाही, फेशियल नाही, रक्ताची एखादी तपासणीसुद्धा नाही! बाहेर बाकावर बसलेल्या दुसऱ्या बाई सहानुभूतीने म्हणतात, 'माझ्या डॉक्टरांनी सात लिहून दिलेत.' सात म्हणजे डॉक्टर चांगला. तीन ओळी लिहिणाऱ्या डॉक्टरची प्रॅक्टिस आपल्याकडे कशी चालते, याचं मला खरंच कुतूहल आहे.

पण सनस्क्रीन येतं. चांगलं, डॉक्टरांनी लिहिलेलं, म्हणून महाग. ते बेसिनवर ठेवलं की ते एकट्या बाईंचं राहत नाही. मुलगी लावते, कारण तिचं संपलंय. नवरा लावतो, दाढीचं क्रीम समजून, आणि फेस येत नाही म्हणून आणखी लावतो. आजी 'गार वाटतं' म्हणून कोपरांना लावतात. आठवड्यात ट्यूब चपटी होते. मग तिची घडी घालतात, घडी उलगडून लाटण्याखाली लाटतात, टूथब्रशच्या दांड्याने बुडापासून वर दाबत आणतात. तरीही येईना म्हटल्यावर एका सकाळी कात्री निघते. ट्यूब मधोमध कापली की आतून इतकं निघतं की दोन्ही बोटं भरून, गालांना, कानांना, मानेला फासूनही उरतं, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं माप बाई त्या दिवशी प्रथमच पुरं करतात. गाडीत शेजारची मुलगी त्यांच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे बघून विचारते, 'काकू, कुठलं क्रीम लावता हो?'