हिरव्या टोपीतले आजोबा

बॉस्टनमध्ये हिरवी टोपी घातलेला सत्तरीपुढचा गृहस्थ दिसला की हा बास्केटबॉलच्या सेल्टिक्स संघाचा चाहता, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं. मुळात तो लॉस एंजेलिस लेकर्सचा वैरी; सेल्टिक्सवरचं प्रेम हा त्याचा जोडधंदा. सेल्टिक्स जिंकले की आजोबा खूश होतात, पण शांत झोप लागते ती लेकर्स हरले की.

एनबीएच्या अंतिम फेरीत हे दोन संघ १२ वेळा भिडले आणि त्यांतल्या ९ वेळा बॉस्टन जिंकलं, हे ओळख होण्याआधीच तुम्हाला कळतं. सेल्टिक्सची २०२४ पर्यंतची १८ विजेतेपदंही कळतात. त्यावर चुकून ‘लेकर्सचीही १७ आहेत की’ म्हणालात, तर मेलात.

“बारा!” आजोबा कडाडतात. “पहिली पाच मिनियापोलिसची! तिकडं तळी होती म्हणून लेकर्स नाव पडलं. १९६० साली गाव सोडलं, नाव मात्र उचलून नेलं. लॉस एंजेलिसात धड एक तळं दाखवा मला!”

१९८४ च्या फायनलच्या पाचव्या सामन्याला आपण बॉस्टन गार्डनमध्ये हजर होतो, असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. त्या पिढीतले सगळेच सांगतात. जेमतेम १५ हजारांच्या त्या गार्डनमध्ये निम्मं मॅसॅच्युसेट्स मावलं असणार. एसी नव्हता, पारा ९७ फॅरनहाइट, म्हणजे आपले ३६ अंश. (नागपूरकराला मे महिन्यात ही सुखद हवा.) लेकर्सचा सदतिशीचा करीम अब्दुल-जब्बार बाकावर बसून ऑक्सिजन घेत होता आणि आमचा लॅरी बर्ड ३४ गुण ठोकत होता! “मुद्दाम तापवलं म्हणतात मेले,” एवढं बोलून आजोबा डोळा मारतात.

खरी मैफल रंगते ती १९६९ च्या फायनलच्या सातव्या सामन्यावर. लेकर्सच्या मालकाने विजयोत्सवासाठी छताला हजारो फुगे बांधून ठेवले होते. सेल्टिक्सच्या बिल रसेलचा तो शेवटचा सामना. आता आजोबा पेपर नॅपकिनचा बोळा करतात आणि शेजाऱ्याच्या कॉफीचा कप ओढतात. सेल्टिक्सच्या डॉन नेल्सनने मारलेला चेंडू रिंगच्या कडेवर आपटून उंच उडाला आणि सरळ जाळ्यात पडला, तो असा! बोळा कॉफीत. सेल्टिक्स १०८, लेकर्स १०६. फुगे छतालाच. शेजारी निमूटपणे दुसरी कॉफी आणायला उठतो. त्याला सवय आहे.

१९८५ आणि १९८७ साली लेकर्स जिंकले. ही सालं निघाली की आजोबांना कमी ऐकू येतं. २०१० ची फायनल तर त्यांच्या हिशेबी झालेलीच नाही, कारण सेल्टिक्सच्या केंड्रिक पर्किन्सचा गुडघा सहाव्या सामन्यातच गेला होता.

लेकर्सपैकी एकाच माणसाबद्दल ते आदराने बोलतात: जेरी वेस्ट. तो खेळाडू म्हणून सहा वेळा बॉस्टनकडून फायनल हरला. १९६९ मध्ये हरूनही मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. हरलेल्या संघातल्या कुणाला हा मान मिळाला तो तेवढाच. “सज्जन माणूस,” आजोबा म्हणतात. सहा वेळा हरणारा प्रतिस्पर्धी कुणालाही सज्जनच वाटेल म्हणा.

तर, मुलाकडे बॉस्टनला निघाला असाल तर लेकर्सचा जांभळा-पिवळा टीशर्ट घरीच ठेवा. आणि लेकर्सची विजेतेपदं कुणी विचारलीच, तर बारा सांगा.