ड्रॅगन मेल्यानंतरचे हिशेब

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका-खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचला आणि १९७४ साली तो अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. या खेळात टेबलाभोवती बसलेला प्रत्येक खेळाडू एकेका काल्पनिक वीराची भूमिका तोंडी वठवतो, तर ‘डंजन मास्टर’ म्हणजे सूत्रधार उरलेले सगळे जग, त्यातल्या राक्षसांसकट, एकट्याने सांभाळतो. राक्षसाला मारावे कसे यावर नियमपुस्तकांची पुष्कळ पाने खर्ची पडली असली, तरी खरी लढाई राक्षस मेल्यावर, त्याची पेटी उघडल्यावर जुंपते.

सुरुवातीच्या नियमांनुसार सुखरूप बाहेर आणलेल्या एका सुवर्णनाण्यामागे एक अनुभवगुण मिळे आणि असे गुण साठले की वीर वरच्या पातळीला चढे. म्हणजे लुटीतला वाटा हा पैशाबरोबर शहाणपणाचाही वाटा होता, आणि वाटणीत जो फसे तो पुढच्या वेळी न फसण्याइतका शहाणा होण्याची संधीही गमावून बसे. गायगॅक्स यांनी १९७८ सालच्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये वाटणीच्या पद्धती दिल्या त्या बहुधा यामुळेच. सर्वांना समान वाटा, समान वाट्यावर विशेष कामगिरीची बक्षिसी, किंवा पातळीनुसार वाटा असे पर्याय त्यांत आहेत. पैकी शेवटचा पर्याय वरच्या पातळीच्या वीरांना विशेष न्याय्य वाटतो.

नाण्यांपुरता प्रश्न भागाकाराचा आहे आणि बाकी उरलेली तांब्याची तीन नाणी कोणाची यावर अर्धा तास गेला, तरी तो भागाकाराचाच राहतो. (पेटी उघडणारा चोर आणि पेटीत काय सापडले हे सांगणाराही चोरच, ही अडचण कोणत्याच सूत्रात बसत नसल्याने येथे सोडून दिलेली बरी.) घोडे पेंड खाते ते जादूच्या तलवारीपाशी, कारण भावाभावांच्या वाटणीत वाड्याच्या मधोमध भिंत घालता येते, तशी तलवारीत घालता येत नाही. ती पेलणार आपणच, असे योद्धा म्हणतो. पेटीवरचा सापळा आपण काढला, याची आठवण चोर करून देतो. तिघांच्याही जखमा भरून काढणारा धर्मोपदेशक सूचक मौन पाळतो. आणि ज्याला तलवार धरताही येत नाही तो मांत्रिक ती विकून टाकावी असे सुचवतो. घटकाभरापूर्वी हेच चौघे एकमेकांसाठी प्राण द्यायला तयार होते.

अशा अविभाज्य वस्तूंसाठी पोलंडचे गणितज्ञ ब्रॉनिस्वाव क्नास्टर यांनी एक पद्धत सुचवली होती आणि ह्यूगो स्टाइनहाउस यांनी १९४८ साली ती आपल्या लेखात मांडली. प्रत्येकाने वस्तूची आपल्या लेखी असलेली किंमत गुपचूप लिहून द्यायची. सर्वांत मोठा आकडा लिहिणाऱ्याने वस्तू घ्यायची, पण त्या आकड्यातला आपला हिस्सा वगळून उरलेली रक्कम सामायिक थैलीत भरायची. इतरांनी आपापल्या आकड्याचा हिस्सा थैलीतून उचलायचा आणि मागे राहील ते सर्वांनी सारखे वाटून घ्यायचे. योद्ध्याने ४,०००, चोराने २,०००, धर्मोपदेशकाने १,२०० आणि मांत्रिकाने ८०० नाणी लिहिली, तर योद्ध्याला तलवार २,५०० नाण्यांना पडते, इतरांना अनुक्रमे १,०००, ८०० आणि ७०० नाणी मिळतात, आणि प्रत्येकाच्या पदरात त्याच्याच हिशेबाने होणाऱ्या हिश्श्याहून ५०० नाणी जास्त पडतात, जी करामत मांत्रिकाच्याही पोथीत नाही. मात्र योद्ध्याकडे २,५०० नाणी सहसा नसतात. तो कर्जदार होतो आणि त्याचे तिन्ही सावकार त्याच्या पाठोपाठ पुढच्या गुहेत शिरतात. एरवी त्याच्या जखमांकडे सवडीने पाहणारा धर्मोपदेशक आता साधा ओरखडा उठला तरी मंत्र पुटपुटत धावतो, कारण कर्जदार मेला की येणे बुडाले.

वीर नाहीसाच झाला तर काय, याचीही तरतूद १९७४ च्या नियमांत आहे. खेळातल्या कालगणनेनुसार तो महिनाभर बेपत्ता राहिला, तर त्याने आधी नेमलेल्या नातेवाइकाला सूत्रधाराच्या संमतीने, दहा टक्के कर भरून, त्याची मालमत्ता मिळते. पुढे वीर जिवंत परतलाच, तर आपलेच धन परत घेण्यासाठी त्याला आणखी दहा टक्के भरावे लागतात, आणि नातेवाईक ते सोडायला राजी होईल की नाही, हे सूत्रधार ठरवतो. त्या नातेवाइकाला वीराने चाकरीत ठेवून घेतले, तर त्याची निष्ठा कमी धरावी, असेही तेथे सुचवलेले आहे.