मु. पो. 2011

आमची आजी 2014 साली गेली. तेरावं-चौदावं झालं, मृत्यूचा दाखला निघाला, तलाठ्याच्या दारात चार खेपा घालून सातबाऱ्यावरचं तिचं नावही कमी झालं. पण राज्यकारभाराच्या हिशेबात म्हातारी अजून ठणठणीत आहे. जानेवारी 2026 मध्ये महापालिकेची निवडणूक झाली, तेव्हा आमच्या प्रभागाच्या लोकसंख्येत ती होती. माझी मुलगी मात्र नव्हती. ती आठवीत आहे आणि दिवसातून तीनदा 'मला या घरात कोणी मोजतच नाही' म्हणून पाय आपटते. पूर्वी मी तिला रागवायचो. आता गप्प बसतो.

देशाची शेवटची पुरी झालेली जनगणना 2011 ची. 28 फेब्रुवारी सरून 1 मार्च लागला, त्या मध्यरात्रीच्या ठोक्याला जे जिवंत होते ते आपण 121 कोटी. त्यानंतर पाच दिवस प्रगणक पुन्हा दारोदार फिरले. ठोक्याआधी कोणी जन्मलं का, कोणी गेलं का, याची खातरजमा करत. म्हणजे मोजणी मिनिटाच्या हिशेबाने, आणि वापर दीड दशक. 2021 ची जनगणना करोनात अडकली आणि करोना गेला तरी सुटली नाही. आता 1 मार्च 2027 चा मुहूर्त निघालाय.

त्या मोजणीतला घरयादीचा भाग मला चांगला आठवतो. 2010 साल, जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी ओसरीवर टेकले होते, समोर आजी. छत कशाचं, भिंत कशाची, पाणी कुठून आणता, असं सगळं शिस्तीत चाललं होतं. गुरुजींनी विचारलं, "रेडिओ आहे का?" आजी म्हणाली, "आहे, पण बोलत नाही." गुरुजींचं पेन थबकलं. मग विचारलं, "घर कसं आहे? चांगलं, राहण्यालायक, की मोडकळीला आलेलं?" आजी म्हणाली, "तुम्ही राहाल का? त्यावर लिहा." काय लिहिलं ते कोणाला कळायचं नाही. 1948 च्या जनगणना कायद्याप्रमाणे ते कागद कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून चालत नाहीत.

त्या वेळी आमचं गाव गाव होतं. आता ते 'समाविष्ट गाव' आहे. 2017 साली अकरा आणि 2021 साली तेवीस गावं पुणे महापालिकेने पोटात घेतली, त्यांतलं एक. मी राहतो त्या अकरा मजली इमारतीच्या जागी त्या मोजणीच्या रात्री ज्वारी उभी होती. ज्वारीची गणती झाली नाही, त्यामुळे सरकारी कागदावर ही जागा आजही मोकळी, हवेशीर आहे. लिफ्टसाठी रोज सकाळी जी रांग लागते ती माणसांची नसून कणसांची असावी.

या 2011 च्या आकड्यांवर महापालिकेची नवी प्रभागरचना झाली. लोकसंख्या 34 लाख 81 हजार, प्रभाग 41, नगरसेवक 165. मग मतदारयादी आली. तिच्यात नावं निघाली साडेपस्तीस लाख! म्हणजे पुण्यात माणसांपेक्षा मतदार सत्तरएक हजारांनी जास्त. मतदार व्हायला अठरा पूर्ण लागतात हे लक्षात घेतलं, तर या शहरात मूल जन्माला येण्याची पद्धतच बंद झालेली दिसते. इथे माणूस थेट ओळखपत्र घेऊन अवतरतो. पुण्याबद्दल बाहेरचे लोक काहीही बोलतात, पण हे त्यांनाही सुचलं नव्हतं.

तरी जनगणनेचे स्थानिक आकडे कोणी वाचत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आमच्या चौकातल्या अमृततुल्यात यावं. प्रभागरचनेचा मसुदा लागला त्या दिवशी तिथे एक इच्छुक नकाशा पसरून बसला होता. कोपऱ्यांवर चार कटिंगचे ग्लास, नकाशा उडू नये म्हणून. 'प्रगणक गट' हा शब्द मी माणसाच्या तोंडून पहिल्यांदा तिथे ऐकला. एका प्रगणकाने मोजायची शे-सव्वाशे घरं म्हणजे एक गट, आणि हे गट विटांसारखे रचून प्रभाग बांधायचा. या माणसाचं बारावीचं गणित तीन प्रयत्नांत सुटलं होतं. पण कुठल्या गटात किती डोकी, त्यांत अनुसूचित जातींची किती, कुठला गट कुठून उचलून कुठे टाकला, हे तो पाढे म्हणावेत तसं सांगत होता. "नाल्यापलीकडचे दोन गट काढले माझे," तो कळवळून म्हणाला. "माझी माणसं होती ती." जणू कोणी त्याचे सख्खे भाऊ परमुलखात धाडले होते. मी म्हटलं, ती माणसं 2011 ची, आता तिथे तीच आहेत कशावरून? त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा चहा सांगितला, फक्त स्वतःसाठी.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना जनगणना कधी आणि कशी होते हे ठाऊक नाही. त्यांना एकच शब्द माहीत आहे: इष्टांक. सुनेचं आणि दोन नातवंडांचं नाव रेशनकार्डावर चढलं, बारा अंकी नंबर आला, पण धान्य सुरू होईना. पुरवठ्याच्या कार्यालयात त्यांना उत्तर मिळालं, "मावशी, इष्टांक संपला." मावशींना वाटलं, इष्टांक म्हणजे तांदळाची एखादी जात असावी. गोदामात नवीन आला की मिळेल. त्या दर महिन्याला विचारून येतात, "आला का इष्टांक?"

तो यायचा नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात किती लोकांना स्वस्त धान्य द्यायचं हे जनगणनेवरून ठरलं. महाराष्ट्रात ग्रामीण भागातले 76.32 टक्के आणि शहरातले 45.34 टक्के. 2011 च्या लोकसंख्येवर टक्के लावले आणि 7 कोटी 17 हजारांवर रेघ मारली. रेघेच्या आतलं कोणी मेलं, मुंबईला गेलं किंवा श्रीमंत होऊन आपणहून बाहेर पडलं, तरच नव्याला जागा. मावशींची नातवंडं अशी कोणाच्या तरी प्रगतीची किंवा तिरडीची वाट बघत बसली आहेत. नातवंडांची भूक रोजच्या रोज नवी असते, हाच काय तो घोळ.

गाव आणि शहर यांची सीमारेषाही जनगणनेने आखून दिली आहे. वस्ती पाच हजार, चौरस किलोमीटरला चारशे माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी पंचाहत्तर टक्के शेतीबाहेर, एवढं जमलं की ते 'जनगणना शहर'. पुरुषांपैकी, बरं का. नवरे कंपनीत गेले आणि बायका मागे शेतात कंबर मोडेस्तोवर राबल्या, तरी गावाचं शहर होतं. अशी शहरं 2001 साली देशात 1362 होती, 2011 साली 3894 झाली. यांतल्या पुष्कळ ठिकाणी कारभार ग्रामपंचायतीचाच. दिल्लीच्या कागदात शहर, मुंबईच्या कागदात खेडं आणि टँकरवाल्याच्या डायरीत दुभती गाय.

आणि कुटुंब म्हणजे कोण? एका चुलीवर जेवणारे. आमच्या सातव्या मजल्यावर चार पोरं भाड्याने राहतात, त्यांची चूल मोबाइलमध्ये आहे आणि चौघांचे मोबाइल वेगळे. त्यांची किती कुटुंबं लिहायची ते प्रगणकाने ठरवावं. रिकाम्या घरांचा रकाना त्याहून गमतीचा. 2011 ला एकट्या मुंबईत पावणेपाच लाखांहून जास्त घरं रिकामी सापडली. 28 फेब्रुवारीच्या रात्री त्याच मुंबईत प्रगणक विजेऱ्या घेऊन फुटपाथवर निजलेली माणसं मोजत होते. दोन्ही आकडे चोख निघाले, वेगवेगळ्या तक्त्यांत.

आमच्या समोरचा फ्लॅटही कुलूपबंद आहे, गुंतवणूक म्हणून. निवडणुकीच्या आधी आठवडाभर तो नकाशावाला इच्छुक वही घेऊन आमच्या मजल्यावर आला. इमारत उभी राहिल्यापासून इथे माणसं मोजायला आलेला हा पहिलाच. मुलीने दार उघडलं आणि आत ओरडली, "बाबा, मोजायला आलेत!"

"घरात किती?" त्याने विचारलं.

"तीन," ती म्हणाली.

"मतं किती, बाळा?"

"दोन."

त्याने दोन लिहिले. तिला म्हणाला, "तू पुढच्या वेळेला." समोरच्या कुलपाकडे बघून 'बंद' लिहिलं. तेवढ्यात मावशी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या. "दादा, माझ्या सुनेचं तेवढं धान्याचं बघा की. इष्टांक आला नाही म्हणतात."

"करू की, मावशी," तो म्हणाला. पेन उघडंच होतं. "राहायला कुठं तुम्ही?"

"ह्या नाल्याच्या पलीकडं."

त्याने पेनाला टोपण लावलं.