आणखी?

आमच्या सोसायटीचा संगणक जिन्याखालच्या ऑफिसात, मीटरबोर्डाच्या शेजारी बसतो. एका सभासदाच्या मुलाने अमेरिकेला जाताना तो संस्थेला भेट दिला. म्हणजे भंगारवाल्याने सांगितलेला भाव त्याला पटला नाही. त्या संगणकावर ब्राउझर उघडला की आतला पंखा असा घरघरतो, की वॉचमन पंप बंद करायला गच्चीकडे पळतो. त्यामुळे मेंटेनन्सची थकबाकी ‘एका झटक्यात’ दिसली पाहिजे अशी इच्छा सेक्रेटरींनी व्यक्त केली, तेव्हा मी ठरवलं की चित्रं नकोत, बटणं नकोत. काळा पडदा, त्यावर मराठीत आज्ञा लिहायची आणि खाली उत्तर वाचायचं.

‘‘बाबा, टर्मिनल कोण वापरतं आता? तू ॲप कर ना,’’ इंजिनिअरिंगला असलेली मुलगी म्हणाली.

ॲप काय, सगळेच करतात. मराठीत बोलणारा कमांड इंटरप्रिटर ठाणे पश्चिमेतसुद्धा कुणाकडे नसेल, आणि पश्चिमेला नसलेली एखादी वस्तू पूर्वेला असण्यातलं सुख पश्चिमेच्या माणसाला कळायचं नाही. तलावपाळी तिकडे, गडकरी रंगायतन तिकडे, राम मारुती रोड तिकडे. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, तेव्हापासून रूळ मध्ये आहेत आणि आम्ही अलीकडे, पूर्वेच्या कोपरीत आहोत. आमच्या वाट्याला एक पूल आला, तोही अलीकडे रुंद होईपर्यंत मुख्यतः वाहतूक कोंडीच्या बातमीत यायचा.

इंटरप्रिटर म्हणजे काय, हे मी कमिटीला कोपरी कॉलनीतल्या किराणा दुकानावरून समजावलं. फाळणीनंतर इथे वसलेल्या सिंधी कुटुंबांची दुकानं अजून आहेत. तुम्ही म्हणता, पाव किलो रवा. शेठ ऐकतो, मोजतो, पुडी समोर ठेवून भाव सांगतो आणि मान वर करून विचारतो, ‘‘और?’’ तुम्ही पुढचं सांगेपर्यंत तो जागचा हलत नाही. वाच, उलगड, छाप, परत वाच. प्रोग्रामर मंडळी या चक्राला रेपल म्हणतात. कमिटीला हे लगेच पटलं आणि चर्चा प्रॉम्प्टवर गेली. कर्सरच्या आधी काय लिहून यावं? ‘बोला’ असावं, असं एकाचं मत. संस्थेचा संगणक सभासदाला ‘बोला’ म्हणतो म्हणजे जरा चढूनच, असं दुसऱ्याचं. ‘आज्ञा करावी’ हे नाटकातलं वाटलं. शेवटी शेठच्या ‘और’चं मराठी करून ‘आणखी?’ ठरलं. वार्षिक सर्वसाधारण सभेत सिंकिंग फंडाला एवढा वेळ मिळत नाही.

खरं तर या चक्राचा मधला भाग, ‘उलगड’, चुकून जन्मला म्हणायला हरकत नाही. १९५८च्या सुमारास एमआयटीत जॉन मॅकार्थी लिस्प नावाची भाषा घडवत होते. कोणतीही आज्ञा घेऊन तिचं उत्तर काढणारं ‘इव्हॅल’ हे सूत्र त्यांनी कागदावर लिहिलं, ते वाचण्यासाठी. स्टीव्ह रसेल म्हणाला, हे मी यंत्रात बसवतो. मॅकार्थींनी त्याला सांगितलं की तू सिद्धान्त आणि व्यवहार यांचा घोळ घालतो आहेस. रसेलने तो घोळ आयबीएम ७०४ वर चालवून दाखवला. पुढे पीडीपी-१ या यंत्रावर समोर बसून बोलता येईल असा लिस्प लिहिला पीटर डॉइचने, आणि तेव्हा तो शाळकरी वयाचा होता. ही माहिती मी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आठवीतल्या मुलाला प्रोत्साहन म्हणून सांगितली. तिचे परिणाम पुढे येतील.

मी पायथॉन घेतला. त्यात सीएमडी नावाचं तयार मॉड्यूल आहे. ‘डू’, अंडरस्कोर आणि पुढे आज्ञेचं नाव असं फंक्शन लिहिलं की ती आज्ञा चालू. शिवाय २००८ साली आलेल्या पायथॉन ३ पासून नावं देवनागरीत चालतात. तेव्हा ‘डू अंडरस्कोर थकबाकी’ असं ऐटीत लिहिलं आणि खजिनदार काकूंना बोलावलं. काकू टपाल खात्यातून निवृत्त झाल्या आहेत. त्यांचं एमएससीआयटीचं प्रमाणपत्र दिवाणखान्यात लग्नाच्या फोटोशेजारी लावलेलं आहे. त्यांनी चष्मा पुसला, ‘थकबाकी’ असं एकेक अक्षर शोधत टाइप केलं आणि एंटर दाबला. उत्तरात आधी तीन फुल्या उमटल्या. मग इंग्रजीत काहीतरी, आणि शेवटी त्यांचाच शब्द.

काकू बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

‘‘अरे, हा मला शिव्या देतोय का?’’

‘‘नाही हो काकू, आज्ञा कळली नाही असं म्हणतोय.’’

‘‘मग तसं म्हणावं. फुल्या फुल्या कशाला? पस्तीस वर्षं काउंटरवर बसले, पण कुणाला फुलीने बोलले नाही.’’

त्या मॉड्यूलचा लेखक युरोप-अमेरिकेत बसून लिहीत असणार. न कळलेल्या ओळीआधी तीन फुल्या छापल्या तर कोपरीत त्याचा अर्थ काय होईल, हे त्याच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. आणि आज्ञा न कळण्याचं कारण त्याहून मजेदार. पायथॉन देवनागरी नाव ठेवू देतो, पण हे मॉड्यूल आज्ञा वाचताना फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे आणि अंडरस्कोर यांनाच ओळखतं. म्हणजे बारशाला परवानगी आहे, पण त्या नावाने हाक मारायची नाही. ओळखीच्या अक्षरांची ती यादी बदलता येते. मी बदलली. फुल्या काढून ‘समजलं नाही, परत सांगता का?’ घातलं. काकूंनी ते वाचून मान डोलावली, पण त्या दिवसापासून मशीनवर त्यांचा पूर्ण विश्वास काही बसला नाही.

मग हिशेबाची वाक्यं वाचायला स्वतःचा तोडणारा लिहिला, म्हणजे ओळीचे शब्द वेगळे करणारा भाग. चाचणी म्हणून घरचंच नाव दिलं, कोपरी. उत्तर आलं, ‘क सापडला नाही.’ झालं होतं असं की पायथॉनला ‘हे अक्षर आहे का?’ असं विचारलं तर क ला तो हो म्हणतो आणि काना-मात्रेला नाही म्हणतो. कोपरीतल्या क नंतरचा ओ त्याच्या हिशेबी अक्षर नाही, मग शब्द तिथेच संपला. आपल्याला तीन अक्षरं दिसतात, तो पाच मोजतो. ठाण्याची चार होतात. बाराखडी सुधारल्यावर अर्जाचा मसुदा काढायला ‘कोपरी-पाचपाखाडी’ टाकलं. २००८च्या फेररचनेत झालेला आमचा विधानसभा मतदारसंघ. त्याने मधली रेघ वजाबाकीची धरली आणि कोपरीतून पाचपाखाडी वजा करायला घेतली. गंमत म्हणून मी ‘कल्याण-डोंबिवली’ही टाकून पाहिलं. डोंबिवलीत राहणारा मेव्हणा म्हणाला की वजाबाकी बरोबर आहे, फक्त उलटी करा.

आकड्यांनी मात्र लाज राखली. ‘१०’ देवनागरीत लिहून दिलं तरी पायथॉन त्याचा पूर्णांक करून देतो, कुरकुर नाही. यात मी उगाच दोन दिवस धास्तावलो होतो.

खरी झोप उडवली ती ऱ ने. सेक्रेटरींनी ‘दुसऱ्या’ मजल्यावरचे थकबाकीदार विचारले. उत्तर शून्य. दुसऱ्या मजल्यावर एक सद्‌गृहस्थ पाण्याच्या टाकीच्या वर्गणीपासून थकले आहेत, हे वॉचमनलाही माहीत आहे. शेवटी सेक्रेटरींचा आणि दप्तरातला, असे दोन्ही ‘दुसऱ्या’ आतून उघडून पाहिले. पडद्यावर एकसारखे. पण एकातला ऱ एकच चिन्ह होता आणि दुसऱ्यातला र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असा तीन तुकड्यांचा. सेक्रेटरी फोनवर लिहितात, काकू ऑफिसातल्या कळफलकावर. त्यामुळे संस्थेच्या दप्तरात दोन वेगळे दुसरे मजले उभे होते आणि थकबाकीदार नेमका दुसऱ्या दुसऱ्या मजल्यावर राहत होता. शिवाय र खाली नुक्ता देऊन तिसराही ऱ लिहिता येतो. युनिकोडचा सामान्यीकरणाचा नियम नुक्तावाला सरळ करतो, पण अदृश्य जोडचिन्हाला हात लावत नाही. ते पुसून आधीच्या र चा ऱ मलाच करावा लागला. आता थकबाकी दिसते. उपविधींप्रमाणे तिच्यावर व्याज लावता येतं, तेही दिसतं. सद्‌गृहस्थ माझ्याशी लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

आणि मग रिकामी ओळ. काही न लिहिता एंटर दाबला तर काय व्हावं? कुणीही म्हणेल, काही होऊ नये. सीएमडी मॉड्यूल मात्र मागची आज्ञा पुन्हा चालवतं. याला कारण आहे. पायथॉनचा चुका शोधणारा डीबगर याच मॉड्यूलवर उभा आहे, आणि तिथे प्रोग्राम एकेक पायरी पुढे नेताना तीच आज्ञा पुन्हापुन्हा लिहिण्यापेक्षा नुसता एंटर दाबणं सोयीचं असतं. काकू डीबगर वापरत नाहीत. त्यांनी ‘पावती’ अशी आज्ञा देऊन तळमजल्यावरच्या डॉक्टरांची पावती काढली. छपाई व्हायला वेळ लागला. टपाल खात्यात शिक्का उमटला नाही तर पुन्हा मारतात. काकूंनी एंटर पुन्हा मारला. मग पुन्हा. प्रिंटर जागा झाला तेव्हा डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचा मेंटेनन्स आगाऊ भरला होता. त्या संध्याकाळी संस्थेची आर्थिक स्थिती स्थापनेपासून कधी नव्हती इतकी भक्कम होती. अध्यक्षांना ती तशीच ठेवायची होती.

एवढं झाल्यावर माणसं मशीनशी बोलायला लागली, आणि तिथे माझा अंदाज साफ कोसळला. आज्ञा कुणी देतच नाही. मी ‘दाखव’ ठेवलं तर काकू ‘दाखवा हं जरा’ लिहितात, अनोळखी मशीनला अरेतुरे कसं करायचं म्हणून. ‘आणखी?’ दिसलं की त्या ‘आणखी काही नाही’ असं उत्तर देतात. एका काकांनी लिहिलं, ‘मागच्या महिन्याचं भरलंय मी, विचारा तुमच्या खजिनदारांना.’ बंद करायला इंग्रजी ‘एक्झिट’ ठेवली होती, ती कुणी वापरली नाही. सगळे ‘येतो’ लिहून खुर्चीवरून उठायचे आणि कर्सर लुकलुकत बसायचा. आता ‘येतो’, ‘येते’, ‘नको’, ‘पुरे’ आणि ‘बास’ या सगळ्यांनी प्रोग्राम बंद होतो. दाखव आणि दाखवा दोन्ही चालतात. ‘हं जरा’ ऐकून न ऐकल्यासारखं करायला शिकवलं आहे.

राहता राहिला आठवीतला मुलगा. गणितं सोडवायला मी सुरुवातीला पायथॉनचं तयार ‘इव्हॅल’ वापरलं होतं, मॅकार्थींच्या सूत्राच्याच नावाचं. त्याने येऊन नऊचा नववा घात जेवढा येईल, नऊचा तेवढावा घात किती, असं विचारलं. त्या उत्तरात ३६ कोटी ९६ लाख ९३ हजार १०० अंक असतात. पंखा घरघरला, वॉचमन गच्चीकडे पळाला. संगणक रात्रभर जिन्याखाली ते उत्तर काढत होता आणि सकाळी दूधवाल्याने स्विच बंद केला. इव्हॅल काढून टाकलं. आता फक्त बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चालतात. मुलगा म्हणतो, काका, मी स्वतःचा लिहितो. लिहील.

कुणाला आपल्या सोसायटीसाठी हा प्रोग्राम हवा असेल तर जरूर मागावा, पैसे नाहीत. स्वतः लिहायचा असेल तर आधी रिकाम्या ओळीचं बघा, मग ऱ चं, फुल्या पहिल्याच दिवशी काढा आणि हिशेब सगळ्यात शेवटी करा. तो सोपा आहे.