परीक्षापूर्व शिकवणीची सिद्धता

भूमितीत जी माहिती दिलेली असते तिला पक्ष म्हणतात, जे दाखवायचे असते त्याला साध्य म्हणतात, आणि प्रत्येक विधानाला कारण देत पक्षापासून साध्यापर्यंत जाण्याच्या क्रियेस सिद्धता म्हणतात. दहावीची परीक्षा तोंडावर आली असता ‘गणिताला शिकवणी लावावी काय’ हा प्रश्न महाराष्ट्रातील ज्या कुटुंबांत उपस्थित होतो, तेथे मात्र हा क्रम उलटा असल्याचे आढळते. म्हणजे ‘लावावी’ हे साध्य रात्रीच्या जेवणाआधीच ठरते, आणि सराव परीक्षेचे गुण, शेजाऱ्यांचे दाखले व मामांचा फोन यांतून पक्ष मागाहून गोळा केला जातो. या सिद्धतेची विशेष बाब अशी की, तिच्यातील बहुतेक चुका त्याच पाठ्यपुस्तकातील प्रकरणांत मोडतात, जे मुलाला येत नाही म्हणून शिकवणी लावायची असते.

पहिली चूक सांख्यिकीची. पाठ्यपुस्तकात मध्य, मध्यक आणि बहुलक ही केंद्रीय प्रवृत्तीची तीन परिमाणे शिकवली जातात, आणि सामग्रीत जो प्राप्तांक सर्वाधिक वेळा येतो त्यास बहुलक म्हणतात. कुटुंबे यांपैकी केवळ बहुलकास प्रमाण मानतात व ‘सगळेच लावतात’ असा निष्कर्ष काढतात, जरी त्यांच्या सामग्रीत वरच्या मजल्यावरची मुलगी आणि ऑफिसातील सहकाऱ्याचा मुलगा एवढेच दोन प्राप्तांक असतात. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक सर्वेक्षणात सर्व इयत्ता मिळून सुमारे २७ टक्के, आणि शहरी भागात ३०.७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत असल्याचे नोंदले गेले. उरलेले बहुसंख्य विद्यार्थी कोणाच्याच शेजारी राहत नसावेत, असे अनुमान करणे भाग पडते.

दुसरी चूक संभाव्यतेची. एखाद्या प्रयोगात शक्य असलेल्या सर्व निष्पत्तींच्या संचास नमुना अवकाश म्हणतात, आणि निष्पत्ती समसंभाव्य असतील तर अपेक्षित निष्पत्तींच्या संख्येला नमुना अवकाशातील एकूण संख्येने भागले असता संभाव्यता मिळते. चौकातील फलकांवर हा अपूर्णांक अर्धाच छापलेला असतो. अंशस्थानी शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्यांची छायाचित्रे असतात, आणि छेदस्थानी, जेथे त्या वर्षी शुल्क भरलेल्या सर्वांची संख्या हवी, तेथे ‘मर्यादित जागा शिल्लक’ हे शब्द असतात. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिकवणी केंद्रांनी १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, प्रवेश माध्यमिक शालान्त परीक्षेनंतरच द्यावा, आणि गुणांची हमीही देऊ नये, असे अपेक्षित आहे. त्यामुळे दहावीचा ‘क्रॅश कोर्स’ हा जो प्रकार सर्वत्र दिसतो, तो दहावी झालेल्यांसाठीच असावा, असे समजण्यावाचून अभ्यासकास गत्यंतर नाही.

तिसरी चूक अर्थनियोजन या प्रकरणातली असून, त्यात वस्तू व सेवा कराची उदाहरणे आहेत. नोंदणीकृत क्लासच्या शुल्कावर हा कर १८ टक्के, म्हणजे केंद्राचा ९ आणि राज्याचा ९ टक्के असतो. व्यापाऱ्यास खरेदीवर भरलेला कर आपल्या देय करातून वजा करता येतो, परंतु पालक हा अंतिम ग्राहक असल्याने १०,००० रुपयांच्या शिकवणीचे ११,८०० रुपये त्यालाच सोसावे लागतात. ज्या विद्यार्थ्यास हे उदाहरण सोडवता येते त्याला या प्रकरणापुरती शिकवणी नको असते, आणि ज्यास येत नाही त्याच्याकडून क्लासची पावती तपासून घेता येत नाही.

एवढे होऊनही कुटुंबांचा निर्णय अविचारी म्हणता येत नाही, कारण तो वेगळ्याच प्रश्नाचे अचूक उत्तर असतो. शिकवणी लावणे वा न लावणे, आणि गुण चांगले येणे वा कमी येणे, यांतून चार निष्पत्ती संभवतात. शिकवणी लावून गुण चांगले आले तर श्रेय क्लासचे. लावून कमी आले तर दोष मुलाचा, कारण त्याच्यासाठी काहीच कमी केलेले नसते. न लावता चांगले आले तर लावली असती तर आणखी आले असते. आणि न लावता कमी आले, तरच दोष आईवडिलांचा. पालकांना गोत्यात आणणारी निष्पत्ती चारांत एकच असून ती शुल्क भरून टाळता येते. त्यामुळे या शुल्काचे स्वरूप शिक्षणखर्चाचे नसून विम्याच्या हप्त्याचे असते, आणि ज्याच्या नावाने हा विमा उतरवला जातो त्याचे मत विचारण्याची प्रथा नाही.

मुलास खरोखर काय उपयोगी पडेल, हा प्रश्न निराळा आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये गद्य उताऱ्यांवर केलेल्या प्रयोगांत पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणाऱ्यांना अधिक आठवले, तर आठवड्यानंतर स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना. फळ्यावर भराभर सुटणारी उदाहरणे पाहून ‘समजले’ असे वाटणे हे पहिल्या पाच मिनिटांचे यश असण्याचा संभव म्हणूनच मोठा. यावर सोपी चाचणी उपलब्ध आहे. गेल्या वर्षीची ४० गुणांची प्रश्नपत्रिका दोन तास लावून सोडवून घ्यावी आणि चुका प्रकरणनिहाय मांडाव्यात. त्या समरूपता किंवा त्रिकोणमिती अशा एकदोन प्रकरणांत साचलेल्या असतील तर जाणत्या शिक्षकाच्या चारपाच बैठका खरोखर उपयोगी पडतील, त्या सर्वत्र पसरलेल्या असतील तर पंधरा दिवसांत वर्षाचा अभ्यास होणार नसल्याने उत्तीर्ण होण्यापुरती प्रकरणे निवडावीत, आणि चुका केवळ घाईच्या असतील तर झोप पुरेशी घ्यावी.

या चाचणीस शुल्क लागत नाही, त्यामुळे तिची पावती मिळत नाही, आणि निकालाच्या दिवशी नातेवाइकांपुढे ठेवण्याजोगा पुरावा तिच्यातून निर्माण होत नाही. वयाच्या उदाहरणात वर्गसमीकरणाचे एक मूळ ऋण आले की ‘वय ऋण नसते’ असे कारण लिहून ते सोडून देतात. चाचणीतून मिळणाऱ्या उत्तराबाबतही कुटुंबे ‘लोक काय म्हणतील’ असे कारण लिहितात आणि दुसऱ्या मुळाचे शुल्क ऑनलाइन भरतात.