सारोळ्याच्या पुलापलीकडचा थकवा

पुण्यात एखाद्याला थकवा आला की त्याला कारण शोधत बसावं लागत नाही. ते घरपोच मिळतं. त्यातून सायकलवर दोनशे किलोमीटर जायला निघालेला माणूस पन्नासाच्या आतच गळपटला, तर मग विचारूच नका. माझ्याकडे आजवर इतकी कारणं जमली आहेत की त्यांतली निम्मी कुणाला हवी असतील तर खुशाल घेऊन जावीत.

प्रकार असा आहे. एरवीच्या रविवारी मी पहाटे निघतो, कात्रज चढतो, खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ मागे टाकतो, खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्यावर मिसळ खातो आणि परत येतो. येताना आठवणीने कोथिंबीरही आणतो. पण ज्या दिवशी ब्रेव्हे असते, म्हणजे अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, खिशात शिक्के मारून घ्यायचं कार्ड आणि आजूबाजूला माझ्यासारखेच चाळीसेक उत्साही प्राणी असतात, त्या दिवशी सारोळ्याचा नीरेवरचा पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलो की माझे पाय मला ओळखच दाखवत नाहीत. धाप लागत नाही, गोळे येत नाहीत, कुठे दुखत नाही. पाय फक्त कामावर येत नाहीत. खंबाटकी तर अजून समोर दिसायचाही असतो.

ब्रेव्हे ही शर्यत नव्हे, हे इथे सांगायला हवं. आयोजक दरवेळी सांगतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, बस. पहिला आलेला आणि शेवटचा आलेला यांना मान सारखाच. ही मूळची फ्रेंच कल्पना आहे आणि कागदावर ती फार उदात्त आहे. पण चाळीस पुणेकर एकाच वेळी एकाच दिशेने निघाले की त्याची शर्यत होते. आणि पुढचा माणूस वयाने मोठा असेल तर ती जास्तच होते.

सर्वांत आधी निदान केलं ते आईने. "अंगात रक्त नाही तुझ्या," ती म्हणाली. हे निदान ती मी शाळेत गणितात कमी गुण आणायचो तेव्हापासून करत आली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी "वय झालं हो आता" एवढ्यावर भागवलं आणि स्वतः जिना चढून गेले, लिफ्ट चालू असताना. सायकलच्या मिस्त्रीने मागचं चाक उचलून एकदा फिरवलं, कान लावला, आणि ब्रेक रिमला घासतोय असा निकाल दिला. तो खरंच घासत होता. त्याचे पैसे दिले, ब्रेक सुटा झाला, आणि पुढच्या ब्रेव्हेला मी सारोळ्याच्या पुलापर्यंत पूर्वीपेक्षा अधिक सहजपणे जाऊन थकलो.

इथे मी एक कसोटी लावायला सुरुवात केली. कारण कोणतंही असो, त्याने एका प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं: मग रविवारी का नाही? वय काय फक्त ब्रेव्हेच्या दिवशी होतं? ब्रेक काय कार्ड बघून घासतो? या एका प्रश्नापुढे भले भले सल्लागार बसले. काका तेवढे बसले नाहीत. "रविवारीही होत असणार, तुम्हाला कळत नसेल," असं म्हणून त्यांनी प्रश्नच निकालात काढला.

डॉक्टरांकडे मात्र गेलो, आणि ते बरं झालं. आईचं निदान त्यांनी अर्धं मान्य केलं. हिमोग्लोबिन व्यवस्थित होतं, पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेला. हिमोग्लोबिन ठीक असताना साठा रिकामा असू शकतो, आणि लांब पल्ल्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे बऱ्यापैकी आढळतं. "जेवणाबरोबर चहा घेता का?" त्यांनी विचारलं. मी पुण्याचा आहे, असं मी सांगितलं. चहातली द्रव्यं अन्नातल्या लोहाला, त्यातही पालेभाज्या आणि डाळींतल्या लोहाला, आतड्यातच अडवून ठेवतात. तेव्हा पालक खाऊन त्यावर अमृततुल्य चहा म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं. चहा जेवणापासून तासाभराने लांब ढकलला. ब-12ही कमी निघालं. शाकाहारी घरात ते निघतंच. गोळ्या घेतल्या. दोन-तीन महिन्यांत मला एकूणच तरतरी आली, जिन्यात काकांना गाठू लागलो. पण सारोळ्याचा पूल काही सुटला नाही. लोह काय, ब-12 काय, सगळे "रविवारी का नाही?" या प्रश्नापुढे गप्प.

मग पाळी आमच्या सायकल गटातल्या एका इंजिनिअरची. याच्या सायकलीला पॉवर मीटर आहे. आपण किती वॉट शक्ती लावतो ते त्याला प्रत्येक सेकंदाला कळतं, आणि दुर्दैवाने आम्हालाही तो कळवतो. त्याचं म्हणणं, मी सुरुवातीलाच जोरात सुटत असणार. अगदी शास्त्रशुद्ध शंका. शरीरात, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात मिळून, साखरेचा साठा साधारण अर्धा किलोच असतो. त्यातून दोन हजारांच्या आसपास कॅलरी मिळतात. जितक्या जोरात जाल तितकी चरबी कमी आणि साखर जास्त जळते, आणि ती संपली की पोटावर चरबीचे डोंगर असूनही माणूस रस्त्याच्या कडेला बसतो. हा देवाचा अन्याय आहे, पण तो वेगळा विषय झाला. त्याने माझी दोन्ही दिवसांची नोंद ताडून पाहिली. सुरुवातीचा वेग तंतोतंत सारखा. उलट ब्रेव्हेच्या दिवशी घोळक्यात, पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवत जात असल्यामुळे माझे श्रम कमीच पडत होते. यावर तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुझं मीटर बिघडलं असेल." माझ्याकडे मीटर नाहीच. त्यानेच आपलं दिलं होतं त्या दोन दिवसांपुरतं.

खाण्याबद्दल म्हणाल तर तिथे आमच्या घरावर कुणी बोट ठेवू शकत नाही. ब्रेव्हेच्या दिवशी बायको खिशात केळी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की आणि डब्यात साबुदाण्याची खिचडी देते. एवढं घेऊन सायकल न चालवताही सातारा गाठता येईल. पण खाणं आणि अंगी लागणं यांत मोठं अंतर आहे, ही गोष्ट मला टूर द फ्रान्समुळे कळली. 2023 साली, जुलैत, कूर्शव्हेलला जाणाऱ्या सतराव्या टप्प्यात तादेय पोगाचार कोल द ला लोझच्या चढावर अचानक थांबल्यासारखा झाला. आधी दोनदा ही स्पर्धा जिंकलेला माणूस. त्याने रेडिओवरून संघाला आपण संपल्याचं कळवलं आणि त्या एका दिवसात प्रतिस्पर्धी विंगेगोरच्या पावणेसहा मिनिटं मागे पडला. नंतर त्याने सांगितलं की खाल्लं भरपूर होतं, पण ते सगळं पोटातच राहिलं, पायांपर्यंत पोचलं नाही. आता, जगातले उत्तम आहारतज्ज्ञ, मोटारी, मालीश करणारे हाताशी असताना त्याच्या पायांना जर खाणं मिळत नसेल, तर माझ्या राजगिऱ्याच्या लाडवाने शिरवळात कुणाकडे दाद मागावी? जोरात मेहनत चालू असली की रक्त पायांकडे धावतं आणि पोटाच्या वाट्याला थोडं येतं. आतडंही तासाला जेमतेम साठ ग्रॅम ग्लुकोज आत घेतं. त्यात फळांमधली साखर मिसळली तर तिला वेगळं दार आहे, म्हणून नव्वदपर्यंत जाता येतं. बाकीचं नुसतं वाहून न्यायचं.

साखरेची आणखी एक गंमत आहे. 2004 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी सायकलस्वारांना पिठूळ साखरेचं पाणी नुसतं तोंडात खळखळवून थुंकायला लावलं. एक थेंब पोटात गेला नाही. तरी तासाभराच्या चाचणीत ते जवळजवळ 3 टक्क्यांनी अधिक वेगाने गेले. म्हणजे तोंडाला साखरेची चाहूल लागली की मेंदू पायांना सांगतो, चला, वर्दी आली आहे, थोडं सैल सोडा. हे वाचलं आणि माझा सगळा संशय पायांवरून उठून डोक्यावर जाऊन बसला.

हा संशय जुना आहे. 1891 साली पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी बाराशे किलोमीटरची सायकल शर्यत पहिल्यांदा झाली, आणि शार्ल तेराँ नावाचा गडी न झोपता सुमारे 71 तासांत ती जिंकला. त्याच वर्षी तिकडे इटलीत, तुरीनच्या आंजेलो मोसो या शरीरशास्त्रज्ञाने थकव्यावर पुस्तक छापलं. त्याने एक यंत्र केलं होतं. बोटाने वजन ओढायचं, आणि बोट किती वेळ साथ देतं त्याचा आलेख काढायचा. त्याने ते आपल्या सहकारी प्राध्यापकाला लावलं: आधी ताजं असताना, आणि मग विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आल्यावर. परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकाचं बोट फार लवकर मान टाकत होतं. बोटाने परीक्षेत काहीही केलं नव्हतं. जे काही झालं ते विद्यार्थ्यांची उत्तरं ऐकून झालं.

शंभरेक वर्षांनी, 2009 साली, वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात सामुएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी तेच सायकलीवर करून पाहिलं. 16 माणसं. एका दिवशी त्यांना दीड तास पडद्यावरच्या अक्षरांकडे डोळे लावून कंटाळवाणं, पण लक्ष ठेवावं लागेल असं काम दिलं. दुसऱ्या दिवशी दीड तास रेल्वे आणि मोटारींचे माहितीपट दाखवले. मग सायकलीवर बसवून सांगितलं, जमेल तेवढा वेळ हाका. माहितीपट पाहिलेली माणसं सरासरी साडेबारा मिनिटं टिकली. तीच माणसं डोकं शिणवून आली तेव्हा पावणेअकरा मिनिटांत खाली उतरली. हृदय ठीक, स्नायू ठीक. फक्त तेच श्रम त्यांना सुरुवातीपासूनच जास्त वाटत होते, आणि आता बास असं वाटण्याची पायरी लवकर येत होती.

हे सगळं वाचून मी पुस्तक मिटलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. आमच्या ब्रेव्हे शनिवारी पहाटे सुटतात. आणि आमच्या सोसायटीची तातडीची सभा शुक्रवारी रात्री भरते.

ज्यांनी सोसायटीची सभा पाहिली नाही त्यांना बँगोरचा प्रयोग क्रूर वाटेल. त्या लोकांनी निदान अक्षरं पाहिली. ती एकमेकांवर ओरडत नव्हती. आमच्याकडे साडेनऊला सुरू होणारी सभा सव्वादहाला कोरमअभावी तहकूब होते आणि लगेच त्याच ठिकाणी, त्याच माणसांसह पुन्हा भरते. मागील सभेचं इतिवृत्त वाचलं जातं. त्यातल्या "सदस्यांनी नाराजी व्यक्त केली" या वाक्यात "तीव्र" हा शब्द का नाही यावर अर्धा तास जातो. मग टँकर. मग लिफ्ट. मग तळमजल्यावरच्यांनी लिफ्टचा खर्च का द्यावा. आणि शेवटी पार्किंग, ज्याचा निकाल इमारत पाडल्याशिवाय लागणार नाही. मी खजिनदार आहे. म्हणजे मला नुसतं ऐकून चालत नाही, आकडे विचारले की सांगावे लागतात. नाही सांगितले तर "हिशेब लपवताय का?", आणि सांगितले तर "एवढे कसे?"

"झोप कमी होते, बाकी काही नाही," बायको म्हणाली. तेही तपासलं. शनिवारी रात्री मी क्रिकेटचा सामना बघत तितकाच उशिरापर्यंत जागतो, आणि रविवारी खंबाटकी चढतो. सामन्यात आपण हरलो तरी चढतो. इतक्या दिवसांत माझ्या कसोटीला उतरलेलं हे पहिलं कारण. मी ते उत्साहाने इंजिनिअरला सांगितलं. त्याने सभेत किती वॉट खर्च होतात ते विचारलं. काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी पंचवीस वर्षं सभांना येतोय, मला कुठे काय झालं?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण त्यांच्याकडून दोन तिमाहींची वर्गणी यायची बाकी आहे. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग अंगात रक्त कुठून येणार?"

राजीनामा देण्याचा विचार केला. पण आमच्या सोसायटीत खजिनदाराचा राजीनामा मंजूर करायला सभा बोलवावी लागते, आणि ती शुक्रवारीच असते.

तेव्हा सचिव महोदयांना या लेखाद्वारे जाहीर विनंती आहे. पुढची ब्रेव्हे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आहे. आदल्या रात्री सभा ठेवू नये. ठेवायचीच असेल तर रेल्वे किंवा मोटारींवरचा एखादा माहितीपट दाखवावा आणि पार्किंगचा विषय सोमवारवर ढकलावा. हिशेब तयार आहेत. वह्या काकांकडे ठेवून जातो.